एसीचा गॅस संपत नाही, निसटतो

उन्हाळा तोंडावर आला की जुन्या गाडीच्या मालकाला गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "गॅस संपलाय, भरावा लागेल." पेट्रोल संपतं, वायपरचं पाणी संपतं, तसाच हाही संपत असेल असं आपण धरून चालतो. माझ्या चौदा वर्षांच्या गाडीत मी ओळीने तीन उन्हाळे गॅस भरून घेतला आणि तिन्ही वेळा निमूटपणे मान डोलावली. त्या वाक्यातलं क्रियापदच चुकीचं आहे, हे फार उशिरा लक्षात आलं.

एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, की खर्चही होत नाही. बंद नळ्यांमधून तो गोल गोल फिरत असतो. आत कूलिंग कॉइलमध्ये त्याची वाफ होते, कंप्रेसर ती वाफ दाबतो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये तिचा पुन्हा द्रव होतो आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून तो परत कॉइलकडे निघतो. गॅस कमी झाला याचा अर्थ कुठेतरी फट आहे, एवढाच. ती न शोधता नुसता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

सगळा खेळ उकळण्याचा आहे. गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-१३४ए हा गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशांनाच उकळतो. दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट ठेवला तर ० अंशांना, आणि १६-१७ पट केला तर थेट ६० अंशांना. म्हणून कमी दाबाच्या कॉइलमध्ये तो केबिनच्या हवेतली उष्णता ओढून उकळतो आणि जास्त दाबाच्या कंडेन्सरमध्ये बाहेरच्या रणरणत्या हवेलाही उष्णता देऊन द्रव होतो. एक किलो द्रवाची वाफ होताना साधारण २०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते. हातावर स्पिरिट लावल्यावर जो गारवा जाणवतो, तोच हा.

आता गॅस निसटतो कुठून? खडे लागून कंडेन्सरला बारीक भोक पडतं, जोडांमधल्या ओ-रिंग, म्हणजे रबरी कड्या, कडक होतात, रबरी होज जुने होतात. कंप्रेसरच्या शाफ्टचं सील तर आतल्या तेलानेच ओलं राहतं. एसी महिनोन्‌महिने बंद ठेवला की ते सुकतं. थंडीतही अधूनमधून दहा मिनिटं एसी लावा, असं सांगतात ते याचसाठी. गळतीची खूण बहुतेकदा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कंप्रेसरचं तेल फिरत असतं, तेही फटीतून थोडं बाहेर येतं आणि त्यावर धूळ बसते. बॉनेट उघडून टॉर्च मारला आणि एखाद्या जोडाभोवती काळपट तेलकट डाग दिसला, की संशयित सापडला. नाहीतर गॅसमध्ये चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याखाली तपासतात.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो दाब मोजणारा गेज पाहून गॅस भरण्यात. पारदर्शक लायटर हातात घ्या. आतलं द्रव अर्ध्यावर आलं, तळाला गेलं, तरी ज्योत तेवढीच राहते. कारण द्रव आणि वाफ एकत्र असतात तोवर आतला दाब तापमानावर ठरतो, द्रव किती उरलंय यावर नाही. गाडीचंही तसंच. ३० अंश तापमानात बंद गाडीला गेज लावला तर काटा ९५ ते १०० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास उभा राहील, आत २०० ग्रॅम असो की ६०० ग्रॅम. एसी चालू असतानाही काट्यावर बाहेरचं ऊन, पंखा, इंजिनाचा वेग अशा दहा गोष्टींचा परिणाम होतो. म्हणून गॅस वजन करूनच भरायचा. किती ग्रॅम, ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. कमी पडला तर कूलिंग कमी होतं आणि तेल कंप्रेसरकडे नीट परतत नाही, म्हणजे कंप्रेसर कोरडा चालतो. जास्त झाला तर कंडेन्सर द्रवाने तुंबतो, दाब वाढतो आणि तेव्हाही कूलिंग कमीच होतं. "आणखी थोडा मार" हा सल्ला म्हणूनच घातक.

वजनाआधी व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून नळ्या रिकाम्या करणं. फटीतून गॅस बाहेर जातो, तशी आतला दाब संपल्यावर हवा आणि दमट वाफ आत येते. हवेचा काही केल्या द्रव होत नाही, ती नुसती कंडेन्सरमधली जागा अडवते. पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठतं: गाडी अर्धा तास छान गार, मग एकदम गरम वारा, थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा गार. शिवाय ओलाव्यामुळे आत आम्ल तयार होतं. पंपाने दाब वातावरणाच्या तिसाव्या भागावर आणला की पाणी २६ अंशांनाच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. त्यासाठी पंप पाच मिनिटं नाही, अर्धा-पाऊण तास चालावा लागतो. चक्र बराच काळ उघडं राहिलं असेल तर ओलावा शोषणारा ड्रायरही बदलावा.

पंप बंद केल्यावरही व्हॅक्यूम टिकला म्हणजे गळती नाही, असं मात्र समजू नये. व्हॅक्यूममध्ये बाहेरून आत दाबणारं असतं जेमतेम एक वातावरण. एसी चालू असताना आतून बाहेर ढकलणारा दाब त्याच्या पंधरापट. दाबाखाली नायट्रोजन भरून केलेली तपासणी जास्त भरवशाची.

गाडी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची असेल तर प्रश्न आणखी वेगळा. तिच्यात आर-१२ हा जुना गॅस असायचा. अशा वायूंमधला क्लोरीन ओझोनचा थर खातो, हे मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवलं. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ हळूहळू बंद झाला. त्या गाडीत आर-१३४ए सरळ भरता येत नाही, कारण जुनं खनिज तेल त्यात मिसळत नाही आणि कंप्रेसरपर्यंत परत येत नाही. तेल, ड्रायर, ओ-रिंग बदलाव्या लागतात आणि गॅसही मूळ वजनापेक्षा कमी भरायचा असतो.

माझ्या गाडीचं काय झालं? चौथ्या उन्हाळ्यात दुसऱ्या मेकॅनिकने गॅस भरण्याआधी, जिथून गॅस भरतात त्या तोंडाकडे पाहिलं. त्यात गाडीच्या टायरला असतो तसाच छोटा व्हॉल्व्ह असतो, आणि त्यावर प्लॅस्टिकचं टोपण. टोपण नव्हतंच, आधीच्या कुठल्यातरी वेळी भरताना परत लावायचं राहिलं असावं. त्याने साबणाच्या पाण्याचा एक थेंब टाकला. काही क्षण काहीच नाही. मग मोहरीएवढा एक बुडबुडा सावकाश फुगला, फुटला, आणि त्याच्या जागी दुसरा आला.