ईसीजी नॉर्मल, मग हे आहे तरी काय? एन्झायटी डिसऑर्डरची पार्श्वभूमी

एन्झायटीचा, म्हणजे कारण नसताना दाटून येणाऱ्या भीतीच्या आणि काळजीच्या आजाराचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, हे सगळं हल्लीचं फॅड आहे, आधी कुठे होतं असलं काही, लोकांना कामातून टेन्शन घ्यायला फुरसत नव्हती. जरा मागे जाऊन बघितलं तर उलटंच दिसतं. आजार जुनाच आहे, फक्त तो बराच काळ भलत्याच डॉक्टरकडे चकरा मारत होता, आणि त्यातल्या बहुतेक चकरा हृदयाच्या डॉक्टरकडे. छातीत धडधड, हातपाय गार, श्वास पुरत नाही, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं, आणि ईसीजी काढला तर एकदम नॉर्मल. हा गोंधळ आजचा नाही, त्याला दीडशे वर्षं झालीत.

त्याच्याही आधीच्या नोंदी आहेत तशा. हिपोक्रेटिसच्या नावावर जे ग्रीक वैद्यकीय लिखाण आहे त्यात निकानोर नावाच्या एका माणसाबद्दल लिहिलंय, रात्रीच्या मेजवानीत बासरीवाली वाजवायला लागली की हा भीतीने गर्भगळीत व्हायचा, दिवसा तीच बासरी ऐकली तर काहीच नाही. आज याला सरळ फोबिया म्हणतील, म्हणजे एखाद्याच गोष्टीची अवाजवी भीती. पण नंतर कित्येक शतकं अशी माणसं कधी उदास स्वभावाची, कधी भित्री, कधी झपाटलेली ठरत राहिली.

खरी गोष्ट सुरू होते अमेरिकेच्या यादवी युद्धात. फिलाडेल्फियाच्या एका लष्करी हॉस्पिटलमध्ये जेकब दा कोस्टा नावाचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे असे सैनिक यायला लागले ज्यांना बघून कोणी आजारी म्हणणार नाही. ताप किंवा जुलाब होऊन गेलेत, माणूस बरा होऊन ड्युटीवर परत गेलाय, पण आता बाकीच्यांबरोबर चालताना दम लागतो, चक्कर येते, छातीत दुखतं, रात्री झोपेतून धडधडीने जाग येते. त्यांनी अशा सुमारे ३०० केसेस अभ्यासल्या आणि १८७१ मध्ये पेपर छापला, आजाराला म्हटलं ‘चिडलेलं हृदय’. औषध अर्थात हृदयाचंच, डिजिटॅलिस. निरीक्षण इतकं बारकाईचं होतं की आजही वाचताना पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक येणाऱ्या जबर भीतीच्या झटक्याचा पेशंट डोळ्यासमोर येतो. पण दोष हृदयाच्या कामातच आहे हे त्यांनी धरूनच चाललं होतं, आणि त्या काळात दुसरं काय सुचणार म्हणा.

साधारण त्याच सुमाराला बर्लिनमध्ये कार्ल वेस्टफाल यांनी तीन पुरुषांच्या केसेस लिहिल्या. या लोकांना मोठा मोकळा चौक किंवा रिकामा रस्ता ओलांडता येत नव्हता, घाम, थरथर, जीव घाबरा. गंमत म्हणजे सोबत कोणी असलं, किंवा शेजारून एखादी घोडागाडी चालत असली, किंवा नुसती हातात काठी असली तरी जमायचं! अगोराफोबिया हे नाव तिथून आलं. आणि सोबत कोणी असलं की बरं वाटतं हे आजही पेशंट जसंच्या तसं सांगतात, पाण्याची बाटली आणि खिशातली गोळी हे त्या काठीचेच भाऊबंद.

१८९५ मध्ये व्हिएन्नाचे मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइड यांनी या सगळ्या लक्षणांचं एक वेगळं गाठोडं बांधलं, एन्झायटी न्यूरोसिस. तोवर सगळंच नसांच्या थकव्यात, म्हणजे न्यूरास्थेनियात ढकललं जायचं. धडधड, धाप, घाम, चक्कर, रात्री दचकून उठणं, सतत काहीतरी वाईट होणार ही धाकधूक, ही यादी त्यांनी नीट केली. कारण मात्र दिलं की लैंगिक ऊर्जेला वाट मिळत नाही म्हणून, आणि ते पुढे १९२६ मध्ये त्यांनी स्वतःच बरंचसं बदललं. यादी टिकली, कारण गेलं.

हृदयवाले डॉक्टर तरीही ऐकेनात. पहिल्या महायुद्धात हजारो सैनिक परत हृदयविकाराचे पेशंट म्हणून घरी पाठवले गेले. शेवटी १९४१ मध्ये पॉल वूड नावाच्या, स्वतः हृदयरोगतज्ज्ञ असलेल्या ब्रिटिश डॉक्टरने दा कोस्टावाल्या आजाराची पूर्ण छाननी केली आणि सांगितलं की हृदय ठीक आहे, हा भीतीचा आजार आहे. म्हणजे ७० वर्षं लागली. आणि आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली जी मला जास्त महत्त्वाची वाटते, की ‘तुमच्या हृदयात काहीतरी आहे, जपा’ असं डॉक्टरनेच सांगितलं की आजार पक्का होतो, माणूस जिना चढायचाही बंद होतो.

लक्षणं खोटी नसतात हेही तोवर कळायला लागलं होतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९१५ च्या आसपास दाखवलं होतं की धोका दिसला की अॅड्रेनलिन हे संप्रेरक सुटतं आणि शरीर लढायला नाहीतर पळायला तयार होतं. धोका नसतानाही ते सुटलं की तीच धडधड होते, श्वास जोरात चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होऊन बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, आणि त्याने माणूस अजून घाबरतो.

मग आला मन शांत करणाऱ्या गोळ्यांचा जमाना. १९५५ ला मिलटाउन, १९६० ला लिब्रियम, १९६३ ला व्हॅलियम. धडाधड खपल्या. आराम लगेच पडायचा हे खरंच, पण सवय लागते आणि अचानक बंद केल्या तर त्रास दुप्पट, हे मनावर घ्यायला पुढची बरीच वर्षं गेली.

याच काळात न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमध्ये डोनाल्ड क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने काही घाबरणाऱ्या पेशंटना इमिप्रामिन हे नवीन औषध देऊन बघितलं. काही आठवडे झाले, पेशंट म्हणे काही फरक नाही, डॉक्टर म्हणे काही फरक नाही. वॉर्डातल्या नर्स म्हणाल्या, फरक आहे की, आधी हा दिवसातून तीन-चारदा ‘मी मरतोय’ करत आमच्याकडे धावत यायचा, आता येत नाही. पेशंट अजून काळजीत होताच, बाहेर पडायला घाबरत होताच, पण अटॅक थांबले होते. यावरून क्लाइन यांनी मांडलं की अटॅक वेगळा आणि अटॅक येईल ही भीती वेगळी. त्यांचा पेपर १९६४ चा.

अटॅक गोळीने थांबला तरी ही दुसरी भीती राहतेच, तिच्यासाठी वेगळाच रस्ता होता. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाला आवडीचं खायला देत देत ससा हळूहळू जवळ आणला होता. जोसेफ वोल्पे यांनी १९५८ मध्ये त्याच धर्तीवर मोठ्या माणसांसाठी पद्धत बसवली, पायरीपायरीने भीतीला सामोरं जायचं. आजच्या थेरपीचा कणा हाच आहे.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारवाल्यांच्या मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत, म्हणजे डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत (डीएसएम-३) एन्झायटी न्यूरोसिसचे तुकडे झाले, पॅनिक डिसऑर्डर वेगळा, सतत काळजी करत राहण्याचा जनरलाइज्ड एन्झायटी डिसऑर्डर वेगळा, चारचौघांत वावरायच्या भीतीला, म्हणजे सोशल फोबियालाही (आजची सोशल एन्झायटी) स्वतःचा कप्पा मिळाला. २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये ओसीडी (तेच तेच विचार आणि कृती परत परत) आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा त्रास) या गटातून बाहेर गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून जास्त लोकांना यातला कुठला ना कुठला आजार होता, आणि उपचार मिळतात साधारण चारातल्या एकाला.

आयुष्यावर परिणाम म्हणाल तर नुसत्या भीतीपेक्षा टाळाटाळ जास्त नुकसान करते. एकदा लिफ्टमध्ये अटॅक आला की लिफ्ट बंद, मग गर्दी बंद, मग एकट्याने बाहेर जाणं बंद. सोशल एन्झायटीचं तर अजून अवघड आहे. ती बऱ्याचदा किशोरवयातच सुरू होते, त्यामुळे घरच्यांनाच काय, स्वतःलाही वाटतं की आपला स्वभावच बुजरा. वर्गात उत्तर येत असून हात वर न करणं, मीटिंगमध्ये बोलावं लागेल म्हणून प्रमोशन नाकारणं, फोन करायचा म्हणून तासभर पोटात गोळा, हे दिसायला आजारासारखं दिसतच नाही. नावाला १९८० मध्ये यादीत आलेला हा आजार संशोधकांकडूनही पुढची काही वर्षं दुर्लक्षितच होता, १९८५ मध्ये मायकेल लीबोविट्झ आणि सहकाऱ्यांनी तर पेपरच्या शीर्षकातच त्याला दुर्लक्षित आजार म्हटलं, तेव्हा कुठे त्याच्यावर नीट काम सुरू झालं.