खलनायक, प्रतिनायक आणि मधला तळीराम

कथेत अडवणारा कोणीतरी लागतो, हे नव्याने सांगायला नको. घोळ आहे तो त्याला म्हणायचं काय याचा, आणि हा घोळ शब्दापुरता राहत नाही, लिखाणात उतरतो.

दहाव्या शतकातल्या ‘दशरूपक’ या संस्कृत नाट्यशास्त्राच्या ग्रंथात शब्द आहे प्रतिनायक. लोभी, हेकट, पापी, व्यसनी अशी विशेषणं त्याला लावलेली आहेतच, पण सोबत ‘धीरोद्धत’, म्हणजे धीट पण उद्धट, हेही आहे. धीरोद्धत हा तिथे नायकाच्याच चार प्रकारांपैकी एक. म्हणजे रावण रामाच्या तोलाचा हवा, त्याला स्वतःची बाजू हवी. ‘खलनायक’ म्हटलं की आधी स्वभावावर शिक्का बसतो. माणूस मुळातच दुष्ट ठरला, की तो असं का वागतो हे लिहायचं राहून जातं. आज रुळलेला शब्द नेमका हाच, हे दुर्दैव.

1843 साली सांगलीत सुरू झालेल्या पौराणिक खेळांतल्या राक्षसाला कारण लागतच नसे. मशालीवर टाकलेल्या राळेचा भडका, ‘अललल डुर्र’ अशी आरोळी, की राक्षस आला. 1907 च्या ‘कीचकवधा’तल्या कीचकात प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय दिसला; 1910 मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली.

खरी कलाटणी 1919 च्या ‘एकच प्याला’तली. वकिलीची सनद रद्द झाल्याने मानी सुधाकर आतून जळतो आहे. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम पुढे करतो तो कट नव्हे, उतारा: एकच प्याला, घटकाभर विसर पडावा म्हणून. इस्टेट लाटायची नाही, सूड उगवायचा नाही. बैठकीला सोबती हवा, एवढंच. तो विनोदी आहे, दारूची बाजू हिरिरीने मांडतो आणि शेवटी स्वतःच अंथरूण धरतो. याला खलनायक म्हणणं अन्यायाचं; प्रतिनायकही म्हणवत नाही, कारण सुधाकराशी त्याचा सामनाच नाही. सामना आहे तो सुधाकराच्या ताठ्याशी. इथे ‘खलपात्र’ हा तिसरा, कमी वापरातला शब्द कामाला येतो. तो फक्त कथेतलं काम सांगतो, स्वभावाचा निकाल लावत नाही.

दैनंदिन मालिकांनी गाडी पुन्हा राळेच्या भडक्यावर आणली. खलनायिका दर आठवड्याला हरायला हवी आणि तरी त्याच घरात राहायला हवी. ती पकडली जाऊ नये म्हणून मग घरातल्या बाकी सगळ्यांना बावळट करावं लागतं: दाराआडून ऐकलेलं कोणी बोलत नाही, मोबाइलमधला पुरावा कोणी उघडत नाही. पात्र फसतं ते तिथे. तिच्या भुवया आणि पार्श्वसंगीत कितीही चढवलं तरी.