जुन्या मोटारींचा क्लब आता सर्व ग्राहकांसाठी खुला : माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगर येथील आमच्या गॅरेजच्या आवारात रविवारी सकाळी जमणाऱ्या जुन्या गाड्या आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. पद्मिनी, अॅम्बेसेडर, मारुती 800 आणि क्वचित एखादी कॉन्टेसा बाळगणारे आमचे काही ग्राहक तेथे एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकावत, चहा घेत आणि मतभेद व्यक्त करत दुपार करतात. या बैठकीला रीतसर क्लबचे रूप द्यावे आणि ती ओळखीच्या मंडळींपुरती न ठेवता मराठवाड्यातील सर्व मोटारप्रेमींना तिचे सभासदत्व खुले करावे, असे आम्ही ठरवले आहे. खंडेनवमीला गॅरेजमधील हत्यारांची पूजा झाल्यावर दुसऱ्या दिवशी, म्हणजे येत्या विजयादशमीला सकाळी, क्लबचा प्रारंभ होईल.

सभासद होण्यासाठी गाडी महागडी किंवा दुर्मीळ असण्याची गरज नाही. पहिल्या नोंदणीला 15 वर्षे पूर्ण झालेली, स्वतःच्या इंजिनावर चालत येणारी आणि कागदपत्रे चालू असलेली कोणतीही मोटार आम्हाला चालेल. शेंद्रा औद्योगिक वसाहतीत 2001 पासून जुळणी झालेल्या सुरुवातीच्या स्कोडा ऑक्टाव्हिया गाड्या आता वीस वर्षांच्या पुढे गेल्या आहेत. त्या तर आपल्या गावच्याच, त्यामुळे त्यांच्या मालकांनी संकोच करू नये. झगमगीत रंग दिलेली, पण ट्रेलरवरून आणावी लागणारी गाडी मात्र आमच्या कल्पनेतल्या क्लबमध्ये बसत नाही. ज्यांच्याकडे गाडीच नाही, परंतु शिकण्याची इच्छा आहे, अशा आयटीआयच्या विद्यार्थ्यांना सहसभासद म्हणून विनाशुल्क घेतले जाईल, कारण कार्ब्युरेटर (इंजिनात जाणाऱ्या पेट्रोलमध्ये हवा मिसळणारा भाग) उघडून स्वच्छ करता येणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत.

क्लबचे खरे प्रयोजन सुटे भाग हे आहे. पद्मिनीचे उत्पादन 2000 च्या सुमारास थांबले, अॅम्बेसेडर आणि मारुती 800 यांचे 2014 मध्ये. मारुतीचे भाग अजून सहज मिळतात. पद्मिनीचा मोठा आधार मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचा होता, आणि त्यातील शेवटची गाडी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरल्यावर त्या भागांना गिऱ्हाईक उरले नाही. आता एका मालकाला दरवाजाच्या काचेचे रबर हवे असते, दुसऱ्याच्या माळ्यावर तेच रबर धूळ खात पडलेले असते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. म्हणून प्रत्येक सभासदाकडील शिल्लक भागांची नोंदवही आम्ही गॅरेजमध्ये ठेवणार आहोत. देवाणघेवाण सभासदांनी आपसांत करावी, त्यावर आम्ही दलाली घेणार नाही.

आपल्या भागातील हवा आणि पाणी या दोहोंचा जुन्या गाडीला असलेला त्रास वेगळाच आहे, आणि क्लबच्या बैठकांत त्यावर सर्वाधिक वेळ जाईल असा आमचा अंदाज आहे. बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये भरत राहिल्यास त्यातील क्षार बारीक नळ्यांच्या आत पांढऱ्या थरासारखे बसतात, पाण्याचा मार्ग अरुंद होतो, आणि गाडी मार्चमध्येच तापू लागते. त्यासाठी कूलंट आणि शुद्ध, क्षाररहित पाणी यांचे मिश्रणच वापरावे. मे महिन्यात कार्ब्युरेटरच्या गाडीचा आणखी एक नेहमीचा अनुभव म्हणजे दहा मिनिटे उभी केलेली गाडी पुन्हा सुरूच होत नाही. मालक कॉइल, प्लग आणि पॉइंट या ठिणगी पाडणाऱ्या भागांवर संशय घेतात; प्रत्यक्षात इंजिनाच्या उष्णतेने पंपातील पेट्रोलची वाफ झालेली असते आणि पंप नुसताच हलत राहतो. अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि थोडे थांबावे. सेल्फ मारत राहिल्याने केवळ बॅटरी उतरते. 20 टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपातील पडदा लवकर खराब होतात, शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा शोषत असल्याने अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने तशीच राहिल्यास आतून गंजते. अशी गाडी दर आठवड्याला थोडी तरी फिरवणे, हाच त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

फेऱ्या ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच काढल्या जातील. पहिली फेरी दौलताबाद आणि खुलताबादमार्गे वेरूळला जाईल. लेणी मंगळवारी बंद असतात, त्यामुळे तो वार टाळला जाईल. दौलताबादजवळील जुन्या वेशीतून गाड्या एकामागून एक काढाव्या लागतील, आणि पुढच्या घाटात पुढच्या गाडीला ओलांडण्याचा मोह कोणी करू नये. समृद्धी महामार्गावर क्लबची फेरी काढली जाणार नाही. ताशी 120 किलोमीटरच्या प्रवाहात पद्मिनी घालणे शहाणपणाचे नाही, आणि तापलेल्या काँक्रीटवर जुना टायर फुटण्याचा धोका असतो. नक्षी शाबूत दिसली तरी टायरचे वय पाहावे. टायरच्या कडेला कोरलेल्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवतात. 2317 म्हणजे 2017 सालचा तेविसावा आठवडा. इतका जुना टायर लावून आलेल्या गाडीला फेरीत घेतले जाणार नाही, मालक कितीही जुने ग्राहक असले तरी.

वेगाच्या किंवा सहनशक्तीच्या स्पर्धा क्लब कधीही घेणार नाही, कारण नेहमीच्या मोटार विम्यात शर्यत, वेगचाचणी आणि तत्सम वापर वगळलेला असतो, आणि अशा प्रसंगी अपघात झाल्यास भरपाई मिळणे कठीण होते. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विम्यातील किंमत मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते, हेही लक्षात ठेवावे. पॉलिसीवर दिसेल तो आकडा निमूटपणे मान्य करू नये.

कागदपत्रांत सर्वाधिक गोंधळ ‘व्हिंटेज’ नोंदणीविषयी असतो. केंद्राने 2021 मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडीच यासाठी पात्र ठरते. नवीन नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. परंतु अशी गाडी प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. ज्यांना गाडी घेऊन सोमवारी कचेरीत आणि शनिवारी शेतावर जायचे आहे, त्यांनी या नोंदणीच्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यांनी 15 वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावयाचे नूतनीकरण, पर्यावरण कर, पीयूसी आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांसाठीची उच्च सुरक्षा नंबरप्लेट एवढे वेळेवर करावे. अर्ज भरण्यात गॅरेजचे कर्मचारी साहाय्य करतील.

वार्षिक वर्गणी 1,000 रुपये आहे. त्यात प्रत्येक फेरीपूर्वीची तपासणी, रविवारी सकाळी रॅम्पचा वापर आणि भागांची नोंदवही यांचा समावेश होतो. मजुरीत सवलत मिळणार नाही. क्लबमुळे आमच्याकडील काम वाढावे अशी इच्छा आहेच, ती लपवण्यात अर्थ नाही. तथापि लातूर, नांदेड किंवा बीडच्या सभासदाने आपल्या नेहमीच्या मेस्त्रीकडूनच गाडी करून घ्यावी, आमच्याकडे यावे अशी अट नाही. MH ऐवजी अन्य राज्याचा क्रमांक असलेल्या गाड्यांच्या मालकांनी प्रथम आमच्याशी बोलून घ्यावे.

नोंदणीसाठी आरसी बुक, विमा आणि पीयूसी यांच्या छायाप्रती, तसेच गाडीचा पुढून व बाजूने काढलेला प्रत्येकी एक फोटो घेऊन सकाळी 10 ते सायंकाळी 6 या वेळेत गॅरेजमध्ये यावे. येताना स्टेपनीत हवा भरलेली असावी. तपासणी तेथूनच सुरू होईल.