३०० क्लब आणि मिडविंटरची डुबकी

अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात कपडे उतरवून थंडीला भिडण्याचे दोन खेळ चालतात. बाहेरच्यांना दोन्ही एकच वाटतात. दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट या अमेरिकी संशोधन तळावरचा '३०० क्लब' हा हवेशी सामना. मिडविंटरची, म्हणजे भर हिवाळ्यातली, डुबकी समुद्रकाठच्या तळांवरची; तिथे सामना पाण्याशी. जपायचं काय, हे त्यावरूनच ठरतं.

३०० हा आकडा तापमानातल्या फरकाचा, फॅरनहाइटमधला. बाहेर पारा उणे १०० च्या (उणे ७३ सेल्सिअस) खाली गेला की सॉना, म्हणजे घाम काढायची गरम खोली, २०० पर्यंत (९३ सेल्सिअस) तापवतात, घाम फुटेपर्यंत आत बसतात आणि नुसत्या बुटांवर ध्रुवाच्या खांबाकडे निघतात. सेल्सिअसमध्ये हा फरक १६७ अंशांचा. तारीख थर्मामीटर ठरवतो. तशी थंडी पडेपर्यंत थांबायचं. अंगातून वाफा निघतात, घाम कातडीवरच गोठतो. हवा पाण्याच्या मानाने उष्णता फार सावकाश ओढते, म्हणून थोडी मिनिटं निभावतात. वारा असेल तर मात्र हा हिशेब कोसळतो, तेव्हा बेत पुढे ढकलावा. सगळ्यात मोठी चूक पळण्याची. तळ २,८३५ मीटर उंचीवर आहे. पळालं की धाप लागते, ती गोठलेली हवा थेट छातीत जाते आणि खोकला मागे लागतो. नाकातोंडावर गळपट्टा घेऊन चालतच जावं. हिमदंश आधी कान, बोटं आणि नाजूक अवयवांना होतो. जिन्याचा धातूचा कठडा ओल्या हाताने धरला तर कातडी चिकटते.

डुबकीचा दिवस ठरलेला: २१ जूनच्या आसपास, मिडविंटरच्या सणात. समुद्रावरच्या बर्फात करवतीने भोक पाडतात. ते पुन्हा गोठू लागतं, म्हणून वरचा बर्फाचा चुरा सतत काढत राहावं लागतं. पाणी साधारण उणे १.८ सेल्सिअस. आकडा सौम्य दिसतो, पण पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता खेचून नेतं. तरी काही सेकंदांत माणूस गारठून मरत नाही. खरा धोका पहिल्या श्वासाचा. गार पाणी लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी फुप्फुसात जातं. म्हणून सूर मारू नये. शिडीवरून, पाय आधी, डोकं वर ठेवून उतरावं. हृदयविकार असलेल्याने उतरूच नये. बोटांची पकड लवकर जाते, त्यामुळे कमरेला दोर हवाच आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात.

३०० क्लबात ऊब आधी घेतलेली असते, इथे ती नंतर लागते. भोकाशेजारची खोली पहिला माणूस उतरण्याआधीच तापलेली हवी. ओले तळवे बर्फाला चिकटतात, तेव्हा मोजे घालूनच उतरावं.