विवेकनिष्ठ विचार प्रशिक्षण

सबमिशन, व्हायवा, एटीकेटी, प्लेसमेंट यांच्या ताणाने बेजार झालेल्या कॉलेजच्या मुलांना स्वतःच्या विचारातला हट्ट ओळखायला आणि तो सोडायला शिकवायची पद्धत. ही निघाली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस (1913–2007) यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारातून, म्हणजे आरईबीटीतून (रॅशनल इमोटिव्ह बिहेवियर थेरपी).

आरईबीटीच्या सुरुवातीचं साल बहुतेक ठिकाणी 1955 दिलेलं असतं, पण एलिसनी ही पद्धत जाहीर मांडली 1956 ला शिकागोला अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात आणि लेख छापून आला 1958 ला, त्यामुळे 1955 हे त्यांच्या स्वतःच्या प्रॅक्टिसमधल्या बदलाचं साल समजलेलं बरं. नाव पण बदलत गेलं, आधी नुसतं 'रॅशनल', मग 'इमोटिव्ह' जोडलं गेलं आणि 'बिहेवियर' तर थेट 1993 ला. मूळ विचार कुणाचा यावर जास्त वाद आहे. एलिस स्वतः ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटसकडे जायचे (माणसाला घटना त्रास देत नाही, घटनेबद्दलचं त्याचं मत देतं), काही अभ्यासक मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड अ‍ॅडलरचं नाव घेतात, आणि मनोविश्लेषक कॅरेन हॉर्नाय यांनी 1950 मध्येच 'असंच असायला हवं' या जुलमाबद्दल लिहिलं होतं. वर्गात प्रत्यक्ष जे शिकवलं जातं ते बघितलं तर हॉर्नायच जास्त जवळच्या वाटतात.

कारण सगळा भर त्या 'च' वर आहे. शिकवायचा साचा एबीसी, म्हणजे घटना (ए), धारणा (बी), परिणाम (सी). इंटर्नलला कमी मार्क पडले ही घटना, रात्रभर झोप नाही हा परिणाम, आणि मधे बसलेलं वाक्य 'मला फर्स्ट क्लास मिळालाच पाहिजे, नाहीतर मी फुकट'. मुलाकडून ते वहीत लिहून घेतात, मग विचारतात की 'च' कुठून आला, पुरावा काय, आणि एका पेपरवरून अख्खा माणूस फुकट कसा ठरतो. नवीन वाक्य साधारण असं होतं, 'मिळावा अशी माझी खूप इच्छा आहे, नाही मिळाला तर वाईट वाटेल, पण झेपेल.' माणसाला गोठवणारी चिंता जाऊन कामाला लावणारी काळजी उरते, आणि काळजी वाटणारा मुलगा अभ्यासाला बसतो. फी भरायला पैसे नसणं किंवा रॅगिंग ही मात्र खरीखुरी अडचण आहे, तिथे आधी मदत द्यायची, मुलाला 'तुझा विचारच चुकतोय' असं सांगणं हा अन्याय आहे.

भारतात ही पद्धत रुजवण्यात मुंबईचे कि. मो. फडके यांचा वाटा मोठा, एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ते हे शिकले आणि मराठीतही त्यांनी लिहिलं. विद्यार्थ्यांच्या गटांवरचे अलीकडचे बरेच प्रयोग नायजेरियातल्या एन्सुका इथल्या विद्यापीठातले आहेत.