नदी-डॉल्फिनांची आरोग्यतपासणी

नदी-डॉल्फिनांची आरोग्यतपासणी : गोड्या पाण्यात राहणाऱ्या आणि संख्येने घटत चाललेल्या डॉल्फिनांची प्रकृती जिवंतपणी किंवा मृत्यूनंतर तपासून तिच्यावरून त्या नदीतील सगळ्या डॉल्फिनांचे भवितव्य जोखण्याची पद्धत. या कामाला पशुवैद्यक आणि प्राणिशास्त्रज्ञ जेवढे लागतात तेवढेच नावाडी आणि मासेमारही लागतात. प्रस्तुत नोंदीत गंगा नदीप्रणालीतील डॉल्फिनाचा, आणि त्यातही ग्वाल्हेरपासून साठेक किलोमीटरवर असलेल्या चंबळेचा विचार प्रामुख्याने केला आहे.

नावाबद्दल आधी थोडे सांगायला हवे. संस्कृतातल्या ‘शिशुमार’पासून हिंदीत ‘सूंस’ आली आणि मराठीत ‘सुसर’. हिंदीतली सूंस म्हणजे डॉल्फिन. मराठीतली सुसर मात्र मगरीच्या कुळातली. त्यामुळे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरात ‘चंबळेत सुसरी आहेत’ असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वाळूवर ऊन खात पडलेले घडियाल येते. ते तिथे आहेच. पण त्याच डोहात ही दुसरी, सस्तन आणि पिलाला दूध पाजणारी सूंसही आहे. दर मिनिट-दोन मिनिटांनी ती श्वासापुरती वर येते आणि क्षणात दिसेनाशी होते. आग्र्याच्या रस्त्याने चंबळेचा पूल ओलांडणाऱ्या बहुतेकांना ती कधीच दिसलेली नसते.

सूंस (प्लॅटॅनिस्टा गँजेटिका) जवळजवळ आंधळी आहे. तिच्या डोळ्यात भिंगच नसते. स्वतः काढलेल्या ‘टिक्‌टिक्’ आवाजांच्या प्रतिध्वनीवर ती वाट आणि मासे शोधते. मादी नरापेक्षा मोठी, साधारण अडीच मीटर लांबीची. एका वेळी एकच पिलू होते आणि दोन वेतांत बहुधा दोन-तीन वर्षांचे अंतर असते. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या (१९७२) पहिल्या अनुसूचीत तिचा समावेश असून २००९ साली तिला राष्ट्रीय जलचराचा मान देण्याचा निर्णय झाला.

भारतातल्या नदी-डॉल्फिनांच्या पहिल्या व्यापक गणनेचा अहवाल मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ ते २०२३ या काळात २८ नद्यांमधून सुमारे साडेआठ हजार किलोमीटर फिरून केलेल्या या पाहणीत ६,३२७ डॉल्फिनांचा अंदाज निघाला. त्यातले तीन सिंधू डॉल्फिन पंजाबात बियास नदीत आहेत, बाकीचे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांत. उत्तर प्रदेशात २,३९७ आणि बिहारात २,२२०. मध्य प्रदेश आणि राजस्थान मिळून मात्र केवळ ९५.

हा आकडा महत्त्वाचा आहे, पण पुरेसा नाही. इतक्या सावकाश वाढणाऱ्या प्राण्यात म्हाताऱ्या माद्या वर्षानुवर्षे त्याच डोहात दिसत राहतात आणि गणना स्थिर भासते. पिले जगत नाहीत, माद्या गाभण राहत नाहीत, अंगावर चरबी धरत नाही, हे मोजणीच्या तक्त्यात उमटत नाही. चीनच्या यांगत्से नदीत २००६ साली सहा आठवडे शोध घेतला तेव्हा बायजी डॉल्फिन एकही आढळला नाही. त्याआधी चार वर्षे, २००२ मध्ये, वूहानला बावीस वर्षे पाळलेला ‘ची-ची’ हा बायजी नर मरण पावला होता. तपासणी सुरू करायची ती हातात तपासण्याजोगे काही उरलेले असताना.

सर्वांत निरुपद्रवी पद्धत म्हणजे दुरून निरीक्षण. दोन श्वासांतले अंतर, पिलू आईच्या बाजूला आहे की नाही, कातडीवरचे व्रण, जाळ्याचे वळ, चोचीत अडकलेला दोरा या गोष्टी नावेतून टिपता येतात. सागरी डॉल्फिन खंगला की श्वासरंध्रामागे मानेशी खळगा पडतो. ही पशुवैद्यकांची जुनी खूण. सूंसीच्या बाबतीत ती जपून वापरावी लागते, कारण तिची मान मुळातच लवचिक आणि उठून दिसणारी असते. समुद्रातले डॉल्फिन पाठीच्या पंखावरच्या खाचांवरून एकेक करून ओळखता येतात. सूंसीला तसा पंख नाही, नुसता उंचवटा आहे. त्यामुळे कालची आणि आजची सूंस एकच का, हे सांगणे कठीण. ड्रोनने वरून छायाचित्र घेऊन लांबी आणि घेर यांचे प्रमाण काढण्याची रीत गढूळ गंगेत फारशी चालत नाही. चंबळ मात्र पावसाळा ओसरल्यावर नितळ होते, आणि ही तिची मोठी जमेची बाजू आहे.

पकडून तपासणे हा दुसरा आणि जोखमीचा मार्ग. जाळ्याने वेढून, ओल्या झोळीत घेऊन, अंगावर सतत पाणी ओतत काही मिनिटांत सगळे उरकायचे असते : वजन, लांबी, शेपटीच्या पंखातल्या शिरेतून रक्त, श्वासरंध्रातून कापसाच्या बोळ्यावर घेतलेला नमुना, सोनोग्राफीने फुप्फुसे, चरबीच्या थराची जाडी आणि गर्भ. एकाने फक्त श्वास मोजत बसायचे. श्वासाची लय बिघडली की उरलेले सगळे सोडून प्राण्याला पाण्यात परत न्यायचे. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या गुलाबी डॉल्फिनांवर अशा तपासण्या झाल्या असून त्यांच्या शरीरात सोन्याच्या खाणींतून नदीत येणारा पारा सापडला आहे. सिंधमध्ये कालव्यात अडकलेले डॉल्फिन सोडवून नदीत नेताना ही संधी आपसूक मिळते. भारतात डिसेंबर २०२४ मध्ये आसामात एका सुदृढ नराला प्रथमच उपग्रह-टॅग लावून पशुवैद्यकांच्या देखरेखीखाली सोडण्यात आले. चंबळेत मात्र मूठभरच सूंसी आहेत. तिथे निव्वळ नमुन्यासाठी एखादी पकडणे प्रस्तुत लेखकाला समर्थनीय वाटत नाही. जाळ्यात किंवा उथळ पाण्यात अडकलेली सापडली, तर सोडवताना जेवढे पाहता येईल तेवढे पाहावे.

तिसरा मार्ग मृतदेहाचा. आजवरचे बरेचसे ज्ञान इथूनच आलेले आहे. गंगेतल्या मेलेल्या सूंसींच्या चरबीत डीडीटी हे कीटकनाशक आणि पीसीबी ही कारखान्यांतली रसायने साठलेली असल्याचे १९९०च्या दशकातच दिसून आले. मादीच्या अंगातला यातला वाटा दुधावाटे पहिल्या पिलाच्या पोटात जातो. शवविच्छेदनात जाळ्यात गुदमरल्याच्या खुणा, पोटातला मासा किंवा प्लास्टिक, फुप्फुसातले कृमी, अंडाशयावरचे व्रण हे सारे वाचता येते. दाताचा काप घेऊन वयही काढता येते. मात्र शव ताजे हवे. उन्हाळ्यात एका दिवसातच ऊतींचा चिखल होतो. त्यात सूंसीचे तेल मासे पकडायला आमिष म्हणून वापरण्याची बिहारमधली जुनी चाल आणि कायद्याची भीती, यांमुळे मेलेली सूंस पुष्कळदा गुपचूप नाहीशी केली जाते. अशी प्रत्येक सूंस म्हणजे गमावलेला अहवाल.

वेळेवर केलेल्या शवविच्छेदनाचे मोल काय, याचा चंबळेला अनुभव आहे. २००७च्या डिसेंबरपासून पुढच्या काही आठवड्यांत खालच्या चंबळेत शंभराहून अधिक घडियाल मेले. शवविच्छेदनात मूत्रपिंडे निकामी होऊन अवयवांवर युरिक आम्ल साचल्याचे दिसले. यमुनेतून आलेल्या विषारी माशांवर संशय गेला, पण एकच एक विष सिद्ध झाले नाही. घडियालांवर लक्ष ठेवणारी माणसे आधीपासून नदीवर होती, म्हणून निदान एवढे तरी कळले. दुसरे उदाहरण ब्राझीलचे. २०२३च्या दुष्काळात तेफे सरोवराचे पाणी ३९ अंश सेल्सिअसच्या पुढे तापले आणि दीडशेहून जास्त डॉल्फिन मेले. तिथे आधीपासून काम करणारी संस्था होती, त्यामुळे शवे लगेच तपासता आली आणि पाण्याच्या उष्णतेकडे बोट दाखवता आले.

चंबळेत सूंसीचे आरोग्य शेवटी पाण्याच्या खोलीशी येऊन थांबते. गांधीसागर, राणाप्रताप सागर, जवाहर सागर आणि कोटा बंधारा यांच्यामुळे प्रवाह आधीच अडला आहे. वर उपसा आणि वाळूची चोरटी खोदाई. मे-जूनमध्ये डोह एकमेकांपासून तुटतात, सूंसी थोड्याशा खोल पाण्यात कोंडल्या जातात आणि मासेमारांची जाळीही तिथेच पडतात. २०११च्या सुमारास भारतीय वन्यजीव संस्थेने चंबळेच्या किमान प्रवाहाचा अभ्यास केला. त्यात सूंसीला घडियालापेक्षाही जास्त पाणी लागते असे निष्पन्न झाले. ग्वाल्हेरला तिघरा धरणाचे पाणी अपुरे पडू लागल्यावर चंबळेचे पाणी शहरात आणण्याची योजना पुढे आली, तेव्हा हा प्रश्न आमच्या नळापर्यंत आला. शहराची तहान खरी आहे. पण उन्हाळ्यातल्या उपशाची मर्यादा ठरवताना डोहांची खोली मोजलेली असावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

राष्ट्रीय चंबळ अभयारण्यात दरवर्षी हिवाळ्यात, बहुधा फेब्रुवारीत, नावेतून जलचरांची गणना होते. तिच्या तक्त्यात सूंसीपुढे पिलू, कातडीवरचे व्रण, श्वासांतले अंतर आणि डोहाची खोली असे चार रकाने वाढवले, तर वेगळा खर्च न करता प्रकृतीची नोंद सुरू होईल. काठावर मेलेली सूंस दिसल्यास तिला हात न लावता वनखात्याला लगेच कळवावे, कारण परवानगीशिवाय तिचा दातही जवळ बाळगणे गुन्हा आहे. तोवर शेजारी काठी किंवा चप्पल ठेवून दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे, वेळ आणि घाटाचे नाव लिहून ठेवावे आणि पशुवैद्यक येईपर्यंत शवावर ओले गोणपाट टाकून सावली करावी.