रिअ‍ॅक्टर का अडकून पडतो?

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीतल्या एखाद्या रसायन कारखान्यात ‘रिअ‍ॅक्टर कमी पडतोय’ (रिअ‍ॅक्टर म्हणजे रासायनिक क्रिया घडवायचं भांडं) अशी ओरड असेल, तर आधी दोन आकडे मागावेत. क्रिया किती तास चालते? आणि ती संपल्यावर माल रिअ‍ॅक्टरमध्येच किती तास पडून राहतो?

बॅच प्लांटमध्ये भज्यांसारखे एकामागून एक घाणे निघतात आणि प्रत्येक घाण्याला पुढचं यंत्र रिकामं मिळावं लागतं. समजा, 3000 लिटर स्लरीची, म्हणजे स्फटिक मिसळलेल्या द्रवाची, बॅच 12 तासांत तयार होते. स्लरी गरगर फिरवून स्फटिक वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज एका खेपेला 500 लिटर घेतं. भरणं, फिरवणं, धुणं आणि केक (मागे राहिलेला स्फटिकांचा थर) काढणं मिळून एका खेपेचे 2 तास. सहावी खेप सुटेपर्यंत आणखी 10 तास जातात, म्हणजे 12 तासांच्या कामासाठी रिअ‍ॅक्टर 22 तास अडतो. मध्ये टाकी असेल तर तो लगेच मोकळा होतो. आठवड्याच्या 168 तासांत 7 बॅचऐवजी 14 निघू शकतात.

टाकी केवढी हवी? पहिले 500 लिटर थेट सेंट्रिफ्यूजमध्ये गेले तर उरतात 2500. फिल्टर बॅग फाटली आणि 4 तास खोळंबा झाला, तर मागच्या बॅचचे 1000 लिटर शिल्लक असतानाच नवी बॅच येते. म्हणजे 3500. टाकी 85 टक्क्यांवर भरायची नाही असं धरलं, तर साधारण 4100 लिटरची लागेल. पण क्रियेच्या 12 तासांना सेंट्रिफ्यूजचे 12 तास असं काट्यावर बसवलेलं गणित एकदा चुकलं की मागे पडलेलं काम भरून निघत नाही. खेप पावणेदोन तासांत बसवली तर दर बॅचमागे दीड तास हाताशी राहतो.

स्लरीची टाकी म्हणजे नुसतं पिंप नव्हे. पातळी खालच्या पात्याखाली गेली की ढवळणं थांबतं, स्फटिक बुडाशी बसतात आणि पाइप चोक होतो. म्हणून तळाशी सपाट बसणारा व्हॉल्व्ह आणि लाइनला उतार हवा. प्रत्येक खेपेनंतर लाइन मदर लिकरनेच (स्फटिक गाळून उरलेल्या द्रवाने) धुवावी. ताज्या सॉल्व्हंटने धुतली तर स्फटिक विरघळून माल वाया जातो. नागपूरच्या मे महिन्यात उन्हात तापलेल्या टाकीतही हेच होतं, म्हणून इन्सुलेशनचा खर्च टाळू नये.

मात्र टाकीची ऑर्डर देण्याआधी बॅचचा क्रम तपासा. ‘अ’ मालाला रिअ‍ॅक्टरमध्ये 10 तास आणि डिस्टिलेशनला (ऊर्ध्वपातनाला) 3 तास लागतात. ‘ब’ला अनुक्रमे 4 आणि 9. आधी अ, मग ब घेतला तर काम 23 तासांत संपतं. उलट क्रमाने 17 तासांत! गणितज्ञ जॉन्सनने 1954 मध्ये दोन यंत्रांसाठी मांडलेला नियम हेच सांगतो. सगळ्यात लहान वेळ शोधा. ती पहिल्या यंत्रावरची असेल तर तो माल सुरुवातीला, दुसऱ्यावरची असेल तर शेवटी. मग उरलेल्या मालाला तेच.

आता दोन्हींच्या दोन-दोन बॅच घ्या. ब-ब-अ-अ हा क्रम टाकी असेल तर 31 तासांत होतो, नसेल तर 36. पण ब-अ-ब-अ लावला की टाकीशिवायही 31च! हे धुलाई न धरता. माल बदलताना प्रत्येक यंत्र धुवायला 2 तास धरले, तर आलटून-पालटून क्रमाला 37 तास लागतात आणि टाकीसह ब-ब-अ-अ 33 तासांत संपतो. टाकी घ्यावी की नाही, हे धुलाईच्या तासांशिवाय ठरवताच येत नाही.

काही माल थांबूच शकत नाही. डायअ‍ॅझोनियम क्षार 0 ते 5 अंशांवर ठेवून लगेच वापरावे लागतात. तापले तर ते विघटन पावून नायट्रोजन सोडतात. अशा मालासाठी पुढचं यंत्र रिकामं होण्याच्या वेळेवरून मागे मोजत क्रिया सुरू करावी लागते. साठा किती महाग पडू शकतो, हे भोपाळने डिसेंबर 1984 मध्ये दाखवलं. मिथाइल आयसोसायनेट हे तिथे कीटकनाशकाच्या वाटेवरचं मधलं रसायन होतं. एकाच टाकीत ते सुमारे 40 टन होतं, थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती आणि आत पाणी शिरलं. विषारी माल साठवून मिळणारे तास माझ्या मते कधीच परवडत नाहीत. त्याचं वेळापत्रक साठ्याशिवायच बसवायला हवं.

शेवटी ऋतूची बाब. रिअ‍ॅक्टर थंड करणारं कूलिंग टॉवरचं पाणी हवेच्या वेट-बल्ब तापमानाखाली (ओलं फडकं गुंडाळलेला तापमापक दाखवतो त्याखाली) जात नाही. मे महिन्यात पारा 44 वर आणि आर्द्रता 15 टक्के असेल तर हे तापमान सुमारे 23 अंश असतं. जुलैत 29 अंश आणि 85 टक्के आर्द्रता असताना ते सुमारे 27 होतं. म्हणजे रिअ‍ॅक्टर थंड करायला पावसाळ्यात जास्त वेळ लागतो. उन्हाळ्यात मोजलेल्या तासांवर आखलेला गँट चार्ट (कोणतं यंत्र कधी अडेल याचा तक्ता) जुलैत पाळला जात नाही आणि दोष ऑपरेटरवर येतो. पाऊस सुरू झाला की दोन-तीन बॅचचे तास पुन्हा मोजावेत आणि क्रम नव्याने लावावा.